नावडतीचें मीठ

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक माणसें कोणाच्या ना कोणाच्या हाताखालीं काम करून पोट भरतात. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक आहे, कोणी अंगणवाडींत मदतनीस आहे, कोणी औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत कंत्राटावर जातो, कोणी दवाखान्यांत झाडलोट करते, आणि कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळीबरोबर ऊंसतोडीस निघून जातात. ह्या सर्वांच्या तोंडून एक गाऱ्हाणें पाळकाच्या कानीं वारंवार येतें. तें पगाराचें नसतें, कामाच्या ओझ्याचेंहि नसतें. "साहेबांच्या मनांत माझ्याविषयीं कांहीं तरी आहे," "मी त्यांच्या डोळ्यांत सलतों," "मुकादम माझ्याकडे पाहून बोलत नाहीं," अशा शब्दांनीं तें सांगितलें जातें. ऐकणाऱ्यास गाऱ्हाणें लहान वाटतें. परंतु सांगणाऱ्याची झोंप उडालेली असते, घरीं तो मुलांवर विनाकारण खेंकसत असतो, आणि सकाळीं कामावर निघतांना त्याचे पाय जड होतात. म्हणून, प्रिय वाचकहो, ह्या विषयाचा आज थोडा विचार करूं. वरिष्ठाची मर्जी आपणांवर नाहीं असें दिसतें तेव्हां मनुष्यानें काय करावें? आणि त्याहून खोल प्रश्न हा कीं, वरिष्ठाच्या मर्जीवर चाकराचा मुळांत कांहीं हक्क आहे काय?

ह्या दुःखासाठीं आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे: नावडतीचें मीठ अळणी. एका घरांत दोन बायका नांदत त्या काळच्या स्वयंपाकघरांत ती जन्मली असावी. मीठ एकाच मडक्यांतलें, हातहि तेवढाच. परंतु आवडतीनें घातलें तर जिभेला लागतें, नावडतीनें घातलें तर लागत नाहीं. म्हणीचा रोख मिठावर नाहीं, जेवणाऱ्याच्या जिभेवर आहे. मात्र पुढें त्या बाईचें काय होतें हें म्हण सांगत नाहीं, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. चार दिवस "अळणी, अळणी" असें ऐकल्यावर तिला स्वतःच्या हाताचा भरंवसा राहत नाहीं. पांचव्या दिवशीं ती दोन चिमटी अधिक घालते, सहाव्या दिवशीं मूठ घालते. आणि मग कालवण खरोखरच तोंडांत धरवत नाहीं. किंवा ती म्हणते, कितीहि घातलें तरी अळणीच म्हणणार, तर घालूं तरी कशाला? दोन्ही प्रकारें परिणाम एकच होतो. आजपर्यंत ज्याला कारण नव्हतें त्याला कारण मिळतें.

नोकरीच्या ठिकाणीं ह्या दोन्ही तऱ्हा आपण पाहतों. एकजण साहेबांच्या पुढेंपुढें करूं लागतो. न सांगितलेलीं कामें करतो, सणाला मिठाईचा पुडा नेऊन देतो, सोबत्यांच्या चुगल्या सांगतो, प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. साहेबांना तो पूर्वी नुसता नावडत होता, आतां त्याची किळस येते. दुसरा रुसून बसतो. उशिरा येतो, सांगितलें तेवढेंच करतो, हजेरीपुस्तकावर सही करून चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. त्याला वाटतें हा आपला स्वाभिमान आहे. तो स्वाभिमान नव्हे; आपल्या कामाची चाड दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टांगून ठेवण्याची ती एक रीत आहे.

तथापि कांहीं वेळां मीठ खरोखरच कमी असतें, आणि हें आधीं पाहिलें पाहिजे. जो म्हणतो साहेबांचा माझ्यावर राग आहे, त्यानें प्रथम आपली वही, आपलें रजिस्टर, आपली येण्याजाण्याची वेळ उघड्या डोळ्यांनीं तपासावी. जवळचा मित्र ह्या कामीं उपयोगीं पडत नाहीं, कारण तो आपलीच बाजू घेतो. ज्याला आपल्याशीं फारसें देणेंघेणें नाहीं अशा जुन्या, जाणत्या सोबत्यास विचारावें. आणि प्रसंग पाहून खुद्द वरिष्ठासहि विचारावें. परंतु काय विचारावें ह्यांत शहाणपण आहे. "साहेब, माझ्यावर राग कां?" ह्या प्रश्नाला कोणीहि खरें उत्तर देत नाहीं, पुष्कळदां तें देणाऱ्यालाच ठाऊक नसतें. "साहेब, माझ्या कामांत कोणती उणीव दिसते, ती सांगावी," ह्या प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें. उत्तर मिळालें तर सुधारावयास वाट मिळाली. नाहीं मिळालें तर उणीव कामांत नाहीं एवढें तरी समजलें.

आणखी एक गोष्ट. खालच्या जागीं असलेला मनुष्य वरच्याचा चेहरा सतत वाचीत असतो, जसा मृगांत शेतकरी आभाळ वाचतो. त्याला दोष देतां येत नाहीं. त्याची भाकरी तेथें आहे. परंतु वरचा मनुष्य खालच्याचा चेहरा तितका वाचीत नाहीं, व आपल्या कपाळावरची आंठी कोणाच्या काळजांत रुतली हें त्याच्या गांवींहि नसतें. त्याच्याहि वर कोणी आहे. मुख्याध्यापकावर केंद्रप्रमुख आहे, मुकादमावर कारखान्याचा शेतकी अधिकारी आहे. त्याला मधुमेह असेल, घरीं मुलीच्या लग्नाची काळजी असेल, किंवा त्याचा स्वभावच तुसडा असेल. सगळें काळें आभाळ पाऊस पाडीत नाहीं, आणि जें पाडतें तेंहि आपल्याच शेतावर पाडतें असें नाहीं.

आतां असें धरूं कीं आपण सर्व तपासलें, वाट पाहिली, आणि नावड खरीच आहे असें ठरलें. मग काय करावें? उत्पत्तीच्या पुस्तकांत ह्याविषयीं एक सबंध कथा आहे. आपले उपदेशक ती क्वचितच सांगतात. बेथेलची शिडी सांगतात, यब्बोकच्या कांठची झोंबी सांगतात, आणि त्या दोहोंमधलीं वीस वर्षें सोडून देतात. त्या वीस वर्षांत याकोब लाबानाच्या घरीं चाकर होता. चौदा वर्षें त्यानें दोन मुलींसाठीं चाकरी केली व सहा वर्षें मेंढरांसाठीं. याकोबहि कांहीं भोळा नव्हता, हें सांगितलेंच पाहिजे. सोललेल्या काठ्यांची त्याची युक्ति वाचणाऱ्यास तें कळतें. पण त्याच्या हाताला यश होतें, आणि तेंच त्याच्या धन्याला खुपलें. लाबानाच्या मुलांमध्यें कुजबुज सुरू झाली कीं बापाची दौलत हा परका घेऊन बसला. आणि इकडे सासऱ्याच्या चेहऱ्यावरची पूर्वीची ओळख मावळल्याचें याकोबाच्या ध्यानांत आलें. नावड नेहमीं वाईट कामांतूनच उपजते असें नाहीं. चांगल्या कामांतूनहि ती उपजते, आणि तशी उपजलेली नावड फार चिवट असते.

याकोबानें काय केलें तें नीट पाहा. तो लाबानाच्या मनधरणीस गेला नाहीं. त्यानें आपल्या बायकांना रानांत, कळपापाशीं बोलाविलें, म्हणजे जेथें भिंतींना कान नव्हते तेथें, आणि त्यांच्यापुढें दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या. एक, तुमच्या बापाची मुद्रा माझ्याविषयीं बदलली आहे. दुसरी, त्यानें माझें वेतन दहा वेळां बदललें आहे. पहिली मर्जीची गोष्ट, दुसरी न्यायाची. आपल्यापैकीं पुष्कळांना ह्या दोन गोष्टी वेगळ्या करतां येत नाहींत. मुद्रा बदलली एवढ्यावरच ते अन्याय झाला म्हणून ओरडतात, किंवा वेतन बुडालें तरी साहेब हंसून बोलले एवढ्यावर गप्प बसतात. ह्यांत दुसरा वर्ग मोठा आहे.

याकोब पुढें लपून पळाला, तें मात्र मला पटत नाहीं. लाबान मेंढरें कातरावयास गेला ती संधि साधून त्यानें नदी ओलांडली. परिणाम असा कीं सात दिवसांच्या मजलेनंतर लाबानानें त्याला गिलादाच्या डोंगरांत गांठलें, आणि हक्कानें निघालेला मनुष्य चोरासारखा पकडला गेला. त्याची भीति समजण्यासारखी आहे. मुली हिसकावून घेतील असें त्याला वाटलें. परंतु गांठ पडल्यावर जें तो बोलला तें निघण्यापूर्वीं बोलला असता तर बरें झालें असतें. तें बोलणें म्हणजे सरळ हिशेब आहे. इतकीं वर्षें, इतकें काम. दिवसा ऊन, रात्रीं गारठा. श्वापदानें फाडलेलें जनावर तुझ्याकडे न आणतां त्याची तूट मीं सोसली. त्यांत "माझ्यावर तुझें प्रेम कां नाहीं" असा एकहि शब्द नाहीं. मग त्या दोघांनीं धोंड्यांची रास केली, तिच्यापाशीं बसून जेवले, आणि ती ओलांडून एकमेकांचें वाईट करावयास जावयाचें नाहीं असें ठरविलें. लाबानाला याकोब आवडूं लागला असें पुढें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. तो मुलींचे व नातवंडांचे मुके घेऊन आपल्या घरीं गेला. मर्जी आली नाहीं, हद्द ठरली.

मला जें म्हणावयाचें आहे तें ह्यांत आलें. मर्जी हा वेतनाचा भाग नाहीं. ती देणाऱ्याची खुशी आहे. तिची मागणी करतां येत नाहीं, आणि ती मिळाली नाहीं तर कोणी आपलें लुबाडलें असें होत नाहीं. न्याय मात्र देणें आहे. ठरलेली मजुरी, हक्काची रजा, सारख्या कामाची सारखी वांटणी, शिवीगाळ न ऐकण्याचा अधिकार, ह्या गोष्टी धन्याला आपण आवडतों कीं नाहीं ह्यावर अवलंबून नाहींत. जो मर्जीच्या मागें लागतो तो बहुधा न्याय सोडून देतो, कारण मर्जी राखावयाची तर हिशेब कसा विचारावा?

येथें कोणी पेत्राचें पहिलें पत्र पुढें करील. धनी सौम्य असो वा कुटिल असो, चाकरानें त्याच्या अधीन राहावें, असा त्यांत उपदेश आहे, आणि गांवचे धनी बाकीचें पत्र विसरले तरी एवढें विसरत नाहींत. परंतु तें ज्यांना लिहिलें ते रोमी साम्राज्यांतील घरगुती दास होते. त्यांना काम सोडून जातां येत नव्हतें, आणि धन्याविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग त्यांना जवळजवळ बंदच होते. ज्याला दार नाहीं त्यानें मन कसें राखावें हें पेत्र सांगतो. दार असलेल्यानेंहि तें लावून बसावें असें तो सांगत नाहीं. पौलाजवळ रोमी नागरिकत्व होतें. फिलिप्पै येथें अधिकाऱ्यांनीं त्याला चौकशीवांचून फटके मारले व दुसऱ्या दिवशीं गुपचूप सोडूं लागले, तेव्हां तो निमूटपणें निघाला नाहीं. त्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें त्यानें कळविलें, आणि त्यांना यावें लागलें.

आजच्या नोकराजवळहि कांहीं दारें आहेत, व तीं ठाऊक असणें हें साहेबाच्या मर्जीपेक्षां अधिक उपयोगाचें आहे. सरकारी नोकरांमध्यें "गोपनीय अहवाल" ह्या शब्दाची फार धास्ती असते. साहेब रागावले तर अहवालांत काय लिहितील कोण जाणे, असें म्हणून माणसें वर्षभर वाकून चालतात. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं ह्या अहवालांतील प्रत्येक शेरा, तो बरा असो वा वाईट, संबंधित नोकरास कळविलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपलें म्हणणें मांडतां येईल. तसेंच स्त्रियांचें. एखाद्या बाईवर वरिष्ठाची इतराजी झाली, आणि तिच्या मुळाशीं तिनें त्याला दिलेला नकार असला, तर ती नावड नव्हे, गुन्ह्याची सावली आहे. २०१३ च्या कायद्यानें अशा बाईसाठीं, दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें अंतर्गत समिति व त्याहून लहान ठिकाणांसाठीं जिल्ह्याची स्थानिक समिति नेमली आहे. तक्रार लेखी व सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत द्यावयाची असते. "साहेब बरोबर वागत नाहींत" असें ती घरीं सांगते तेव्हां "तूंच जपून राहा" असें उत्तर देणारे नवरे व सासवा आपल्या मंडळ्यांतहि आहेत.

नावडीचा आणखी एक प्रकार आहे, जो व्यक्तीविषयीं नसतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले. महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनीं स्वतःच्या खर्चानें त्यांना अमेरिकेस शिकावयास पाठविलें होतें. म्हणजे सर्वांत वरच्या धन्याची मर्जी त्यांच्यावर पूर्ण होती. तरी कचेरींतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेंकीत, तेथें त्यांना प्यावयास पाणी मिळेना, शहरांत राहावयास जागा मिळेना, आणि ज्या पारशी धर्मशाळेंत ते उतरले होते तेथून काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना घालवून दिलें. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदें सोडावें लागलें. जे आडनांव ऐकून तोंड फिरवितात त्यांच्यापुढें "माझ्या वागण्यांत काय चुकलें" असें आपण स्वतःला विचारीत बसलों तर तो प्रश्नच खोटा आहे. मिठाची परीक्षा करावी असें वर म्हटलें. पण जो ताटालाच शिवत नाहीं त्याच्यासाठीं मीठ चाखून पाहण्यांत अर्थ नाहीं. आणि हेंहि दिसतें कीं वरच्या एकाची कृपा असली तरी खालच्या कचेरींत नियम नसेल तर ती पुरी पडत नाहीं.

ऊंसतोडीच्या फडांत ही गोष्ट सर्वांत उघडी दिसते. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यानें हंगामाआधींच मुकादमाकडून उचल घेतलेली. काम चुकलें कीं खाडा लागतो, व त्याचे पैसे कापले जातात. अशा ठिकाणीं मुकादमाची गैरमर्जी म्हणजे नुसता आंबट चेहरा नव्हे. ज्याच्यावर राग त्याच्या वांट्याला लोळलेला ऊंस येतो, दूरचा फड येतो, आणि शेवटच्या हिशेबांत उचल फिटलेलीच नसते, म्हणजे पुढच्या सालींहि तोच मुकादम. ह्या माणसास "साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहूं नको" असें सांगणें म्हणजे थट्टा आहे. त्याला सांगावयाचें तें वेगळें. चौथीपर्यंत शिकलेलें मूल घरांत असेल त्याच्याकडून एका वहींत तारीख, तोडीचें वजन, खाडे आणि उचल लिहवून ठेवा. वजनाच्या पावत्या जपा. फडांतील चार कोयत्यांच्या वह्या एकत्र वाचा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें कर्जापोटीं माणसाला कामाला जखडून ठेवणें बेकायदेशीर ठरविलें आहे, हें गांवांत एकाला तरी ठाऊक असूं द्या. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं जॉबरची अशीच सत्ता होती. कामावर घेणें व काढणें त्याच्या हातीं असे, आणि कामगार त्याची मर्जी दस्तुरीनें विकत घेत. १९३१ च्या अहवालांत व्हिटलीसाहेबांच्या शाही मजूर आयोगानें जॉबरचा स्वभाव सुधारावा असें सुचविलें नाहीं. घेण्याकाढण्याचें काम त्याच्या हातून काढून घ्यावें असें सुचविलें. हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटतो. आपणांस नावडणाऱ्या हातांत आपल्या भाकरीची दोरी जितकी कमी, तितका त्याचा चेहरा सहन करणें सोपें. दुसरा एक धंदा हाताला असणें, बचतगटांत थोडी शिल्लक असणें, उचल लहान घेणें, हीं मन शांत ठेवण्याचीं साधनेंच आहेत, जरी आपण तीं उपदेशांत सांगत नाहीं.

राहतां राहिलें मन. पुष्कळ माणसें संध्याकाळीं एकटीं घरीं येत नाहींत. साहेब त्यांच्याबरोबर येतो, ताटावर बसतो, रात्रीं उशाशीं असतो. त्याला दारांतून बाहेर घालविणें कोणत्याहि कायद्याला साधत नाहीं. ह्याविषयीं मला याकोबाच्याच घरांतील एक व्यक्ति आठवते. लेआ नावडती होती. तिच्या मुलांचीं नांवें क्रमानें वाचा. रऊबेन झाला तेव्हां ती म्हणाली, आतां तरी नवरा माझ्यावर प्रीति करील. शिमोनाच्या वेळीं, मी नावडती आहें हें देवानें ऐकलें. लेवीच्या वेळीं, आतां तरी तो माझ्याशीं जडून राहील. प्रत्येक मूल म्हणजे कालवणांत टाकलेलें आणखी थोडें मीठ. चौथा यहूदा झाला तेव्हां ती एवढेंच म्हणाली कीं मी देवाची स्तुति करीन. त्या नांवांत नवऱ्याचा उल्लेखच नाहीं. तें टिकलें असें नाहीं. सहाव्या मुलाच्या, जबुलूनाच्या वेळीं ती जुनी आशा पुन्हां डोकावली. परंतु चौथ्या मुलाचें नांव तसेंच राहिलें.

आणि सासऱ्याच्या फिरलेल्या मुद्रेचें दुःख सांगावयास याकोबानें रानांत ज्या दोघींना बोलाविलें, त्यांत एक लेआ होती. लग्नाला तेरा वर्षें झालीं होतीं. फिरलेली मुद्रा म्हणजे काय हें तिला याकोबाहून अधिक ठाऊक होतें, आणि ती मुद्रा याकोबाची होती. तिनें त्याला तसें सुनावल्याचें लिहिलेलें नाहीं. राहेलीबरोबर तिनेंहि उत्तर दिलें, कीं बापानें आम्हांस परक्यांसारखें विकलें आहे, तर देवानें तुला जें सांगितलें तें कर. मग याकोबानें मुलाबायकांना उंटांवर बसविलें.